उघडा काठ

दुपारी जेवण झालं की मी भिंतीकडे तोंड करून पडते. ही सवय गेल्या वर्षभरातली. भिंतीकडे तोंड केलेल्या माणसाशी कुणी बोलायला येत नाही. बाहेर श्रावणातलं धुकं अंगणात उतरलेलं असतं, पन्हाळीतून पाणी एकसारखं पडत असतं, आणि आमच्या पाचगणीच्या बाजूला ह्या दिवसांत दुपार कुठे संपली आणि संध्याकाळ कुठे लागली ते कळत नाही. गोधडी गळ्यापर्यंत ओढली तरी पायांची बोटं गारच राहतात. डोळे मिटतात. मी पुरती झोपलेली नसते, पुरती जागीही नसते, आणि नेमका तेव्हाच तो खरवडल्याचा आवाज सुरू होतो.

आज तो अगदी जवळून येतोय.

खर्र. थोडं थांबून पुन्हा खर्र. पुट्टीचा पत्रा चिनी मातीवर ओढल्याचा तो आवाज मी कुठेही ओळखीन. मला वाटतं, इतकं दाबून ओढू नये, काठाचा टवका उडेल. ते सांगायला मी उठते, तर पलंग नसतो. मी मागच्या पडवीत पत्र्याच्या छपराखाली उभी असते आणि समोर माझा भाऊ बसलेला असतो.

इंद्रजित. घरात आम्ही जित्या म्हणायचो. माझ्याहून आठ वर्षांनी लहान. मागच्या श्रावणात तो गेला, परवा त्याचं वर्षश्राद्ध आहे. हे मला आत्ताही माहीत आहे, पण दुसऱ्या कुणाच्या घरातली बातमी असावी तसं. तो पाटावर बसलाय, बाह्या कोपराच्या वर सारलेल्या, आणि दोन्ही मांड्यांमध्ये ते अंडं धरून काठ खरवडतोय.

अंडं म्हणजे कोळशाची भट्टी. जाड चिनी मातीची, कमरेइतकी उंच, अंड्यासारखी गोल, वरचं झाकण बिजागरीवर उघडणारं. आमच्याकडे येणारे पुण्याचे एक पाहुणे कायमचे परदेशी निघाले, तेव्हा ती जित्याला देऊन गेले. आम्ही घराच्या तीन खोल्या पाहुण्यांना भाड्याने देतो, जेवण आमचंच. त्या अंड्यामुळे जित्याच्या हाताला नाव मिळालं. कणसं, बटाटे, कोंबडी, काहीही त्यात घातलं की निराळं लागायचं. कारण आत वारा जात नाही. खाली एक झडप, वर एक झडप, तेवढाच वारा, आणि तोही आपण देऊ तेवढा. झाकण आणि बूड जिथे एकमेकांवर टेकतात त्या काठाला जाड लोकरीसारखी पट्टी चिकटवलेली असते. कुकरच्या झाकणाला रिंग असते ना, तेच तिचं काम. जित्या तिला गॅस्केट म्हणायचा, मी पट्टी म्हणायची. पट्टी धड असली की दोन्ही झडपा बंद करायच्या, अर्ध्या तासात आतला विस्तव गुदमरून विझतो.

"ये," जित्या वर न बघता म्हणतो. "दुसरा पत्रा घे. वरचं झाकण तू घे, खालचं मी घेतो."

मी विचारते, तू केव्हा आलास. तो म्हणतो, मी कुठं गेलो होतो. आणि हसतो. त्याच्या हसण्यात काहीच नाही, ना राग ना टोमणा. ते बघून मला जास्त भीती वाटते.

मी पत्रा घेते. जळालेली पट्टी काळी, चिकट झालेली असते, तिच्या खाली जुना डिंक डांबरासारखा बसलेला. मी हे काम एकदा केलंय. कसं करायचं ते मला येतं. पत्रा आडवा धरायचा, उभा नाही. डिंक निघाला नाही तर थिनरचा बोळा फिरवायचा, मग पॉलिश पेपर. काठ धुतलेल्या ताटलीसारखा लागला पाहिजे, तरच नवी पट्टी धरते. हे सगळं मी त्याला सांगते आणि तो मान डोलावतो.

"तुला कुणी शिकवलं?" तो विचारतो.

मी पत्रा पुढे ओढते.

काठ संपत नाही. आम्ही दोघं खरवडत खरवडत पुढे सरकतोय आणि काठ रुंद होत चाललाय. आता तो आमच्या मळ्यातल्या विहिरीचा कठडा आहे. आम्ही त्यावर समोरासमोर बसलोय, पाय आत सोडून. जित्या दहा-अकरा वर्षांचा झालाय, हाफ चड्डी, गुडघ्याला खपली. खाली पाणी दिसत नाही, लालसर उजेड दिसतो आणि ऊब वर येते. मी म्हणते, जित्या, पाय वर घे. तो म्हणतो, बरं वाटतंय गं, लई गारठा आहे.

मला त्याला एक गोष्ट विचारायची आहे. वर्षभर मी हीच एक गोष्ट घेऊन फिरतेय. पण ती विचारायची तर आधी काय घडलं ते सांगावं लागेल, आणि ते मी अजून कुणालाही सांगितलेलं नाही.

त्या दिवशी सकाळी जित्या भाजी आणायला वाईला उतरला होता. पट्टी महिन्याभरापासून जळून लोंबत होती. नवी मागवलेली येऊन फडताळात पडली होती, पण त्याला वेळ होत नव्हता. मी म्हटलं, आपण करून टाकू. चौदा वर्षांपूर्वी मी कऱ्हाडहून नवऱ्याचं घर सोडून एक ट्रंक घेऊन ह्या घरात आले. मला कुणी एका शब्दाने बोललं नाही, पण फुकटचं खाते असं मला स्वतःलाच वाटायचं, म्हणून मी अशी कामं हुडकून करायची. दोन तास बसून मी जुनी पट्टी पार काढली. नवीच्या पाकिटावर चित्र होतं आणि मजकूर होता: चिकटवल्यावर एक पूर्ण दिवस झाकण दाबून ठेवा, विस्तव करू नका. जेवायला चौदा माणसं होती. तेव्हा मी ठरवलं की पट्टी उद्या बसवू, आज अंडं पेटवायचं नाही, कणसं साध्या शेगडीवर भाजू. खोलीतल्या पाहुण्यांना मी तसं सांगितलंसुद्धा, की आज भट्टी बंद आहे.

जित्या वर आला तो पाहुण्यांच्या घोळक्यातच सापडला. ते तक्रार करत होते, आम्ही खास भट्टीसाठी आलो आणि तुमच्या बहीणबाई नाही म्हणतात. मी कारण सांगायला तोंड उघडलं. त्याने मला बोलू दिलं नाही. सगळ्यांसमोर तो म्हणाला, "आक्का, तुला कुणी विचारलं होतं? तू ह्यात पडू नकोस."

एवढंच. ह्यापेक्षा मोठी भांडणं आमच्यात झाली होती. पण मी आत गेले आणि खोलीचं दार लोटलं. मनात म्हटलं, झाकण उघडेल तेव्हा दिसेल त्याला. डोळे आहेत की.

बाराच्या सुमाराला धुराचा वास आला. मी ओळखलं की त्याने अंडं पेटवलं. तरी मी उठले नाही.

ती गोष्ट ही. त्याने काठ बघितला होता का? बघून, चालेल म्हणून पेटवलं, की बघितलंच नाही? काठ काजळीने एरवीही काळाच असायचा, पण त्या दिवशी मी तो घासून पांढरा केला होता. त्याने तो बघितला असेल, तर त्याला माहीत होतं की झडपा बंद केल्या तरी वारा आत जात राहणार. मग तो चुकला, आणि मी थोडी कमी चुकले. बघितला नसेल, तर तो माझ्या रागामुळे मेला.

"जित्या," मी म्हणते. "त्या दिवशी झाकण उघडलंस तेव्हा काठाकडे बघितलंस का?"

"कुठल्या दिवशी?"

"पाऊस होता."

"पाऊस रोजच असतोय, आक्का," तो म्हणतो, आणि खिडकीची काच वर सरकवायला लागतो.

आम्ही एस.टी.त बसलोय. गाडी पसरणीचा घाट चढतेय. जित्या पुन्हा मोठा झालाय, मिशीत दोन केस पिकलेले. त्याच्या मांडीवर नव्या पट्टीची गुंडाळी आहे, पाकीट फोडलेलं नाही. ती बघून मला बरं वाटतं, आणि लगेच आठवतं की ती नाहीये. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी ती फडताळातून काढून बंबात घातली होती. जळताना केस जळाल्यासारखा वास आला. अर्चनाने स्वयंपाकघरातून विचारलं, काय जळतंय? मी म्हटलं, चिंधी.

अर्चना जित्याची बायको.

खिडकीच्या काचेभोवतीचं रबर निघून गेलंय. काच खडखडतेय आणि फटीतून गार वारा थेट मानेवर येतोय. जित्या बोटाने ती फट चाचपतो. तो म्हणतो, बघ, एवढीशी फट, पण गाडीभर वारा. मग म्हणतो, अर्चनाला बसायला जागा मिळाली का बघ जरा.

मी मागे वळते. गाडी रिकामी आहे. सगळ्यात मागच्या सीटवर अर्चना एकटीच बसलीय, ओले हात मांडीवर पालथे ठेवून. कंडक्टर तिच्यापुढे उभा आहे. तो विचारतोय, आत घ्यायला कुणी सांगितलं? ती म्हणते, मी. तो तिकीट फाडून देतो. पुन्हा विचारतो, कुणी सांगितलं? ती म्हणते, मी. तिच्या मांडीवर तिकिटांचा ढीग साचलाय.

हे स्वप्नातलं नव्हे. म्हणजे कंडक्टर स्वप्नातला, पण बाकीचं खरं. पाहुणे जेवून उठले आणि पावसाने जोर धरला, तेव्हा अर्चनाच त्याला म्हणाली होती, ती भट्टी बाहेर भिजेल, आत कोठीत घ्या. चिनी माती तापलेली असताना गार पाणी पडलं तर तडकते, हे जित्यानेच तिला सांगितलेलं. त्याने दोन्ही झडपा बंद केल्या, गाड्यावरचं अंडं ढकलत कोठीच्या खोलीत नेलं. पाऊस आत येत होता म्हणून दार लावलं, खिडकी लावली. पहाटेपासून उभा होता, गाद्यांच्या चळतीवर जरा आडवा झाला. पाच वाजता अर्चना त्याला चहाला उठवायला गेली.

डॉक्टर म्हणाले, कोळशाचा वायू, त्याला वास नसतो, माणसाला कळतसुद्धा नाही. पोलीस आले, त्यांनी सगळं लिहून घेतलं. काठ कुणी बघितला नाही. कुणाला काय माहीत की तिथे पट्टी असायला हवी. सगळ्यांनी एकच प्रश्न विचारला, आणि अर्चनाने पहिल्या दिवसापासून एकच उत्तर दिलं. तिच्या माहेरच्यांना दिलं, आमच्या भावकीतल्या बायकांना दिलं, मळ्यात कामाला येणाऱ्या बाईला दिलं. तिच्या तोंडून ते ऐकताना मी प्रत्येक वेळी तिथे होते. एकदा ती रडत म्हणाली, आक्का, मी गप्प बसले असते तर. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला.

हात फिरवला आणि काही बोलले नाही.

आता वर्षश्राद्ध झालं की तिचा भाऊ तिला भोरला घेऊन जाणार आहे. कायमची. तिने पेटी भरायला काढलीय. इथे मला सगळीकडे तेच दिसतं, असं ती म्हणते.

"बसली का गं ती?" जित्या विचारतो.

"बसली."

"तिला गाडी लागते. पुढं बसव."

मी उठते, तर गाडी उभी आहे आणि आम्ही एका लांब व्हरांड्यात आहोत. दवाखाना असावा किंवा माझी जुनी शाळा असावी. भिंती अर्ध्यापर्यंत हिरव्या रंगाच्या. कडेने बाकं. बाकांवर माणसं भिंतीकडे तोंड करून बसलीत. त्यांच्यातली एक मीच आहे, माझीच मरून रंगाची साडी, माझाच अंबाडा. मी तिच्या पाठीमागून जाते. ती वळत नाही. जित्या तिच्याजवळ थांबतो, वाकून काहीतरी बोलतो. ती हलतसुद्धा नाही. तो माझ्याकडे येऊन म्हणतो, ती बोलत नाही, तिला राग आलाय. त्याच्या आवाजात नवल आहे, लहानपणी मी अबोला धरला की असायचं तसं. तेव्हा तो दिवसभर माझ्यामागे फिरायचा आणि संध्याकाळी पेरू आणून ठेवायचा.

त्या दिवशीही तो माझ्या दाराशी आला होता. हे मी आतापर्यंत स्वतःलाही नीट सांगितलेलं नाही. पाऊस वाढायच्या आधी, पाहुण्यांची पंगत उठल्यावर, तो दारापाशी येऊन उभा राहिला. त्याचे पाय मला दाराच्या खालच्या फटीतून दिसत होते. "आक्का, जेवलीस का?" असं त्याने विचारलं. मी जागी होते. मी भिंतीकडे तोंड केलं. तो थोडा वेळ उभा राहिला आणि गेला.

मी तेव्हा हो म्हटलं असतं तर पुढचं वाक्य पट्टीचंच निघालं असतं. तू पेटवलंस ना, मी काठ उघडा केलाय रे, बघितलंस का? तो म्हणाला असता, अगं मग सांगायचं नाही का. आणि अंडं बाहेरच राहिलं असतं, भिजू दे म्हणून. कदाचित पट्टी असती तरी बंद खोलीत व्हायचं ते झालंच असतं. डॉक्टरांना आडून आडून मी विचारलं होतं. ते म्हणाले, सांगता येत नाही, विझता विझतासुद्धा थोडा वायू निघतोच. सांगता येत नाही. ह्या तीन शब्दांवर मी रात्रंदिवस बसून आहे.

"चल," जित्या म्हणतो. "झटकन लावून टाकू. पाऊस यायचाय."

व्हरांड्याच्या टोकाला दार आहे, दारातून आत कोठीची खोली. तांदळाचे डबे, गाद्यांची चळत, मधोमध अंडं. त्याचं झाकण उघडं. काठ कोरा, पांढरा. मी त्या दिवशी केला होता अगदी तसा. जित्या गुंडाळी सोडतो. मी मागचा कागद सोलत जाते, तो पट्टी दाबत जातो. आम्ही दोघं चांगलं काम करतोय. लहानपणी पतंगाला शेपूट लावायचो तसं, बोलायची गरज नाही. मला वाटतं, आता पट्टी पूर्ण बसेल, झाकण पडेल, आणि सगळं नीट होईल. मला खरंच तसं वाटतं. वर्षभरात पहिल्यांदाच.

पट्टी कमी पडते.

चार बोटं. बाकी सगळ्या काठाला बसली आणि शेवटी चार बोटांची फट राहिली. मी ती ओढून बघते. सुटलेलं टोक परत दाबते, दुसरं टोक ओढते, तर फट तिकडे जाते. जित्या म्हणतो, राहू दे, चालतंय. मी म्हणते, चालत नाही. तो म्हणतो, उद्या बघू की. आणि झाकण खाली घेतो. आत विस्तव आहे. मी तो आधी बघितला नव्हता. चार बोटांच्या फटीतून लाल रेघ दिसते.

जित्या गाद्यांच्या चळतीवर बसतो. कपाळ चोळतो.

"डोकं जड झालंय गं. पाच मिनिटं पडतो."

मी म्हणते, झोपायचं नाही. बाहेर चल. मी दाराकडे जाते. दार आहे, पण त्याला कडी नाही, फट नाही, ते भिंतीसारखं सपाट आहे. खिडकीही तशीच. मी परत येते आणि त्याचा दंड धरते. तो आडवा झालाय. त्याच्या गालांवर लाली चढलीय. त्या दिवशीही होती. उचलून बाहेर आणला तेव्हा बायका म्हणाल्या, बघा, झोपल्यासारखा दिसतोय, किती टवटवीत. ती टवटवी त्या वायूची होती, हे नंतर डॉक्टरांनी सांगितलं.

"जित्या, ऊठ. मला तुझ्याशी बोलायचंय."

"बोल की," तो डोळे मिटून म्हणतो. "ऐकतोय."

मी त्याच्याकडे पाठ करून अंड्याशी बसते. विस्तव काढायचा तर झाकण उघडलं पाहिजे, पण ते आता उघडत नाही, बिजागरीच नाही. म्हणून मी नखांनी पट्टी खरवडायला लागते. कमी पट्टी लावण्यापेक्षा सगळी काढलेली बरी, असं काहीतरी माझ्या डोक्यात आहे. पत्रा सापडत नाही. मी नखांनीच ओढते, आडवं, आणि ओढता ओढता बोलते. सगळं बोलते. मी म्हणते, जित्या, पट्टी मी काढली. त्या दिवशी सकाळी मीच काढली आणि नवी लावली नाही. तुला सांगणार होते. तू बोललास आणि मी गप्प बसले. धूर आला तेव्हा मला कळलं होतं. तू दाराशी आलास तेव्हा मी जागी होते. अर्चनाने काही केलं नाही रे. ती उगीच म्हणते. मी केलं.

मी थांबते. मी वाट बघते. त्याने शिव्या दिल्या तरी चालतील, काठ बघितला होता की नाही एवढंच त्याने सांगितलं तरी चालेल.

मग मला त्याचा श्वास ऐकू येतो. लांब, शांत. तो झोपलाय. पहिल्याच वाक्याला झोपला असावा. मी वळून त्याला हलवणार, तर मला वळता येत नाही. माझं तोंड भिंतीकडेच आहे.

भिंतच आहे समोर.

बोटं ठणकताहेत. पन्हाळीचं पाणी पडतंय. पलंग, गोधडी, खोलीतला दुपारचा करडा उजेड. डोळ्यांसमोर वीतभर अंतरावर चुन्याचा पोपडा निघालाय, आणि नुसता निघालेला नाही. हातभर लांब, वाकड्या धनुकलीसारखी एक ओरखड्यांची रेघ आहे, आडवी, एकावर एक ओढलेली, खालची लाल माती दिसेपर्यंत. माझ्या उजव्या हाताची दोन नखं मुळापाशी मोडलीत. बोटांच्या शेंड्यांवर चुना आणि रक्त एकत्र झालंय. उशीवर भिंतीची माती सांडलीय.

मी हात जवळ घेते आणि तेव्हा मला कळतं की पलंगाच्या पायथ्याशी कुणीतरी बसलंय. गादी तिकडे दबलीय.

"आक्का," अर्चना म्हणते. तिचा आवाज अगदी हळू आहे. "पट्टी कसली?"

मी बोटं मुठीत दडवते. ती पुन्हा म्हणते, तुम्ही ओरडत होता म्हणून आले. मघापासून बसलेय.

मघापासून म्हणजे कुठपासून, हे मी विचारत नाही. स्वप्न होतं म्हणता आलं असतं. झोपेत माणूस काय वाट्टेल ते बरळतं, आणि तिने ते मानलं असतं. तिला माझ्याबद्दल कधी शंका आली नव्हती. परवा श्राद्ध झालं असतं, ती पेटी घेऊन भोरला गेली असती, आणि तिथेही विचारणाऱ्याला "मीच सांगितलं" असं सांगत राहिली असती.

मी भिंतीकडे तोंड ठेवूनच तिला सांगते. ह्या खेपेला जागेपणी, म्हणून जास्त वेळ लागतो. वाक्यं तुटतात. वाईहून तो कधी आला, मी पाहुण्यांना काय सांगितलं, तो काय म्हणाला, धूर, दाराखालचे पाय. बंबात काय जळत होतं तेही सांगते. मला मनातून वाटत असतं की ती उठेल, मला मारेल, निदान रडेल. गादी तेवढीच दबलेली राहते.

माझं सांगून होतं. पन्हाळीचा आवाज तेवढा राहतो.

मग ती म्हणते, "वर्षभर, आक्का?"

गादी हलकी होते. तिची पावलं दारापर्यंत जातात, दाराशी थांबतात, आणि पुढे जातात. आतल्या खोलीत पेटीचं झाकण उघडल्याचा आवाज येतो. मी वळत नाही. भिंतीतून माती अजून थोडी थोडी सुटून उशीवर पडतेय, आणि मी दुखऱ्या बोटाने ती एका बाजूला करतेय.